मीरासाहेबाचा लिटर आणि सरकारचं टेबल

नावातच साहेब, पण जन्मात कुणी त्याला साहेब म्हणून हाक मारली नाही. मीरासाहेब शिकलगार. चाकणच्या पेठेत मशिदीच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याची एक पडवी, तीत ऐरण, कात्र्या, हातोड्या, डाख लावायची शेगडी आणि दोरी ओढून फिरवायचा एक खराद. या खरादावर धातू फिरवून घासायचा, गोल करायचा. बापाच्या हातचा, लाकडी बैठकीचा. गावातल्या दुकानांचे काटे-तराजू दुरुस्त करायचे आणि पत्र्याची, पितळेची मापं बनवायची, हा त्याचा धंदा.

मी त्याच्याच आळीतला, ज्योतीराम मास्तर. चौथीपर्यंत आम्ही एकाच गोणपाटावर बसलो. पुढं तो बापाच्या ऐरणीवर गेला आणि मी मास्तर झालो. एकटे असलो की अरे-तुरे, आणि चार माणसं आली की लगेच "मास्तर, तुमी." मी म्हणायचो, "अरे, काय हे नाटक?" तर म्हणायचा, "मान ठिवाया लागतो बाबा. मीच न्हाई ठिवला तर पोरं तुला इचारनार हायेत व्हय?" असा खवचट.

मापाच्या बाबतीत मात्र हा माणूस वेडा होता, सरळ वेडा. एकदा पेठेतला एक दुकानदार हळूच म्हणाला, शेराचं बूड जरा वर घे, दोन सुतं, कुणाला कळतंय. मीरासाहेबानं त्याला शेरासकट रस्त्यावर काढला. "मापात पाप कराया माजी पडवी न्हाई!" अख्खी पेठ गोळा झाली. घरातही तेच. गवळी दारात आला की दुधाआधी गवळ्याचं माप तपासायचा. त्याची बायको नजमुन्निसा माझ्या बायकोला सांगायची, "काय सांगू बाई, जेवाया वाढलं तर पळीपन उलटी करून बगत्यात."

वर्षातला त्याचा मोठा दिवस म्हणजे शिक्क्याचा. वजनमापांचे इन्स्पेक्टर सोपानराव चावडीत येऊन बसायचे. पुढं लांबलचक टेबल. सगळ्या पेठेची वजनं, मापं त्या टेबलावर यायची. सोपानराव एकेक उचलणार, आपल्या प्रमाण मापातलं पाणी त्यात ओतून बघणार, काटा लावणार, बरोबर असेल तर शिक्का ठोकणार, नाही तर शेजारी बसलेल्या मीरासाहेबाकडे सरकवणार. तो तिथंच दुरुस्त करून पुन्हा टेबलावर ठेवणार. टेबलावर ठेवलेली वस्तू तपासल्याशिवाय खाली उतरली, असं एकदाही झालं नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. सगळा घोळ तिथूनच झाला आहे.

अठ्ठावन्न साली नवी मापं आली. शेर, पायली गेली. किलो, लिटर आले. लोकांनी डोक्याला हात लावला. मीरासाहेब मात्र खूश. "मास्तर, अरे सगळ्या गावाला नवी मापं लागनार! गवळी, तेली, समदी माज्याकडं येनार." सोपानरावांकडचं प्रमाण माप दोन तास मांडीवर घेऊन बसला आणि मग आठ दिवस खपून त्यानं एक पितळी लिटर केला. उभट, गळ्याशी जाड कड, लांब दांडी. सोपानरावांनी पाणी ओतून बघितलं. काठाला काठ. थेंब सांडला नाही, थेंब कमी पडला नाही. सोपानराव म्हणाले, "मीरासाहेब, कारखान्यातून येतात त्यातले चार मी परत पाठवले. हा नाही पाठवणार." त्या दिवशी या गड्यानं आळीत बत्तासे वाटले.

आता कायद्याचं सांगतो. कंटाळू नका, मलाही त्याचा कंटाळाच आहे. कायदा केला आमदारांनी, सभागृहात बसून. त्यात म्हटलं होतं की मापं बनवणाऱ्यानं आणि दुरुस्त करणाऱ्यानं परवाना घ्यावा. बरं. पण परवाना कुणाला द्यायचा, कोणत्या अटीवर? ते म्हणे सरकार नियम करून ठरवील. आणि सरकार म्हणजे कोण? तर खात्यातला कुणी तरी, ज्यानं चाकण नकाशात सुद्धा बघितलं नसेल. लग्न ठरवायचं वडीलधाऱ्यांनी आणि नवरी पसंत करायची भटजीनं, तसला प्रकार.

नियम छापून आले तेव्हा सोपानराव स्वतः गॅझेटाचा कागद घेऊन पडवीत आले. भला माणूस. म्हणाले, "मास्तरांकडून वाचून घे. नीट वाचून घे." आणि जुन्नरकडं निघून गेले.

कागद इंग्रजीत. आळीत इंग्रजी येणारा मी एकटा. म्हणजे येणारा कसला, दोन वर्षं शिकलेला आणि तेवढ्यावर वीस वर्षं मिरवलेला. चष्मा लावला, घसा खाकरला आणि वाचायला बसलो. नियम अकरावा असा, की ज्याच्याकडे विजेवर चालणारा खराद असेल त्यालाच परवाना मिळेल.

मीरासाहेबानं आपल्या दोरीच्या खरादाकडे बघितलं. मग वर बघितलं. आमच्या आळीत विजेचा खांब नव्हता. पेठेच्या तोंडापाशी सुद्धा नव्हता.

"कुनी लिवलंय हे?" तो म्हणाला.

"सरकारनं."

"सरकारला म्हनावं, आदी वीज दे, मंग खराद माग."

पुढं वाचलं. जे कारागीर आधीपासून धंदा करतात त्यांनी इन्स्पेक्टरची शिफारस जोडून महिन्याच्या आत अर्ज केला, तर त्यांना ती अट माफ. म्हणजे मार्ग होता. कागदावर, पांढऱ्यावर काळं, माझ्या बोटाखाली होता! आणि मग मी शेवटची ओळ वाचली, की हे नियम येत्या अधिवेशनात सभागृहाच्या टेबलावर ठेवले जातील.

लेड ऑन द टेबल. झालं. माझी अक्कल जी पेटली ती पेटली.

"मीरा," मी म्हणालो, "हे अजून ठरलेलंच नाही! अजून टेबलावर जायचंय."

"म्हंजे?"

"म्हणजे सभागृहात मोठं टेबल असतं. त्यावर हे ठेवणार. आमदार बघणार. मग ठरणार."

त्याचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "म्हंजे तपासनार! आपल्या चावडीवानी!"

"तर काय! तीनशे-साडेतीनशे माणसं तपासणार."

"मंग ह्यो अकरावा कसा उतरंल टेबलावरून? बूडच वाकडं हाय त्याचं."

दोघं हसलो. नजमुन्निसा चुलीपुढून उठून आली. पदराला हात पुसत म्हणाली, "मास्तर, पर त्यो अर्ज करून ठिवला तर काय बिगडलं?"

आणि मी, चाकणच्या शाळेचा हेडमास्तर, मी तिला म्हणालो, "वहिनी, कायद्यातलं तुम्हाला कळायचं नाही. अर्ज केला म्हणजे नियम कबूल केल्यासारखं होतं. मग सभागृहात कुणी विचारलं, की काय हो, कारागिरांनी तर अर्ज केलेत, त्यांची तक्रार कुठंय? तर काय सांगणार?" शहाणपणा नुसता उतू चालला होता माझा. ती चुलीकडे गेली. मीरासाहेबानं कागदाची घडी घालून कुराणाच्या फळीवर ठेवली. महिनाभर ती तिथंच होती. मध्यंतरी सोपानराव रस्त्यात भेटले, अर्जाचं विचारलं, तर हा म्हणाला, "मास्तर बगत्यात."

अधिवेशन त्या वेळी पावसाळ्यात पुण्यात भरायचं. आमचे आमदार उद्धवराव, त्यांना मी पत्र घातलं आणि त्यांनी गॅलरीचे दोन पास पाठवले. एस.टी.नं निघालो. मीरासाहेबानं धुतलेला सदरा, टोपी, आणि हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काही तरी. मोशीपर्यंत मी गप्प बसलो, मग राहवलं नाही.

"काय रे ते?"

"लिटर."

"लिटर कशाला?"

"लागला तर? कुनी म्हनलं, दोरीच्या खरादावर बरूबर माप व्हतंय कशावरून? तर असावा म्हंटलं."

फाटकावर शिपायानं अडवलं. फडकं सोडलं. "हे काय?" "लिटर." "आत कशाला?" मीरासाहेब सरळ म्हणाला, "टेबलावर ठिवायचाय." शिपाई पोट धरून हसला, त्यानं आणखी दोघांना बोलावून दाखवलं. मग लिटर ठेवून घेतला आणि बदल्यात एक बिल्ला दिला. "जाताना घेऊन जा, काका." मीरासाहेब तीनदा मागं वळून बघत जिना चढला.

गॅलरीत बसलो. खाली बाकं, पंखे, खादीचे सदरे, कागदांचे ढीग. अध्यक्षांच्या पुढ्यात टेबल होतं. मी बोटानं दाखवलं. तो पुढं वाकला. "त्ये?" म्हणाला. "आपल्या चावडीतलं मोठं हाय."

तासभर प्रश्नोत्तरं चालली, कुठलं धरण, कुठला दवाखाना. मग एक मंत्री अर्धवट उठले. हातातल्या कागदावरून एक ओळ इंग्रजीत वाचली, बसले. शिपायानं कागदांची चवड नेऊन टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं. शिंक येऊन जायला लागतो तेवढा वेळ सुद्धा लागला नाही. मी वजनमापं हा शब्द ऐकला म्हणून, नाही तर मलाही कळलं नसतं.

"मीरा," मी कुजबुजलो, "झालं. ठेवले."

"ठिवले? मंग आता तपासनार?"

आम्ही वाट बघितली. खाली उसावर बोलणं सुरू झालं. टेबलाजवळ कुणी गेलं नाही. एक कारकून गेला, त्यानं त्या चवडीवर दुसरी चवड ठेवली.

"अरे, पर तपासलं कुनी?" मीरासाहेब म्हणाला, आणि चांगलं मोठ्यानं म्हणाला. गॅलरीतल्या पहारेकऱ्यानं डोळे वटारले. मी त्याच्या मांडीवर हात दाबला.

दुपारी व्हरांड्यात उद्धवराव भेटले. घाईत होते, पण माणूस चांगला. आम्हाला बाकावर बसवलं, चहा सांगितला. नियम अकरावा ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "असं आहे का? मला ठाऊकच नाही. हे रोज ढिगानं येतं हो मास्तर. कोण वाचतं?" हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की रागसुद्धा येईना.

मी म्हणालो, "पण आता टेबलावर आहे. आता ठरणार ना?"

"ठरणार?" ते म्हणाले. "मास्तर, नियम गॅझेटात छापले त्या दिवसापासून लागू आहेत. टेबलावर ठेवणं म्हणजे सभागृहाला कळवणं. तीस दिवस तिथं राहतात. त्या मुदतीत एखाद्या सदस्यानं दुरुस्ती आणली, ती मंजूर झाली, तर बदलतात. कुणी काही बोललं नाही, तर आहे तसे." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "पण यांना काय अडचण? जुन्या कारागिरांना महिन्याची सवलत दिसतेय यात. अर्ज केला असेल ना?"

महिना उलटून तीन आठवडे झाले होते.

मीरासाहेब म्हणाला, "न्हाई साहेब. माजंच चुकलं. मास्तरांनी सांगितलं व्हतं, मीच इसरलो. मला लिवायवाचायला येत न्हाई ना."

चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसला होता तो. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं त्याचं. आणि मी? मी गप्प बसलो. कपातल्या चहाकडे बघत गप्प बसलो. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

उद्धवराव म्हणाले, "बघू. मी दुरुस्तीची नोटीस देतो. दोनच शब्द काढायचे आहेत, विजेवर चालणारा. नुसता खराद राहू दे. याला कोण विरोध करणार?"

दोन शब्द. येताना एस.टी.त मीरासाहेब ते बोटांवर मोजत होता. विजेवर, एक. चालनारा, दोन. लिटर पुन्हा मांडीवर होता. घरी नजमुन्निसानं सगळं ऐकलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि चहा ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

उद्धवरावांनी नोटीस दिली, खरंच दिली. मला पोस्टकार्ड आलं. अधिवेशन संपायला दोन दिवस असताना त्यांची दुरुस्ती कामकाजात लागली, सातव्या क्रमांकावर. आम्ही पुन्हा गॅलरीत. या खेपेला लिटर घरी ठेवला होता. "हसत्यात," एवढंच म्हणाला.

उद्धवराव खाली बसले होते, हातात कागद. आम्हाला बघून त्यांनी मान हलवली. पाचवा क्रमांक झाला. सहावा चालू झाला आणि कुणी तरी मध्येच संयुक्त महाराष्ट्राचा विषय काढला. सरकारी बाकावरून कुणी तरी काही तरी बोललं, ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण समोरची बाकं पेटली. आरडाओरडा, मुठी, घोषणा. आणि मग ती सगळी माणसं एकदम उठली आणि बाहेर चालू लागली. सभात्याग. उद्धवरावही उठले. पक्षाचा माणूस, बसून कसा राहणार? दारापाशी त्यांनी हातातल्या कागदाकडे बघितलं, वर गॅलरीकडे नाही बघितलं, आणि गेले.

आता गंमत बघा. त्याच घोषणा आम्ही दोघांनी चाकणच्या चौकात घसा बसेस्तोवर दिल्या होत्या. मीरासाहेबानं तर गेरूनं मशिदीमागच्या भिंतीवर लिहिल्याही होत्या, आणि मौलवींची बोलणी खाल्ली होती. त्या माणसांवर ओरडायचं तरी कुठल्या तोंडानं?

सातवा क्रमांक पुकारला. अध्यक्षांनी उद्धवरावांचं नाव घेतलं. बाक रिकामं. पुन्हा घेतलं. त्यांचा काय दोष, त्यांनी दोनदा घेतलं.

मीरासाहेब उठून उभा राहिला. गॅलरीच्या कठड्याला धरून, दोन्ही हातांनी, आणि खाली ओरडला, "साहेब भाईर गेल्यात, आत्ता येत्यात! जरा थांबा! दोनच शब्द हायेत!"

सगळ्या सभागृहानं वर बघितलं. एवढी माणसं त्याच्याकडे बघतायत, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं आणि शेवटचं. मग दोन पहारेकऱ्यांनी त्याला काखेत धरून बाहेर नेलं. मागनं मी. जिन्यावर ऐकलं, सदस्य हजर नाहीत, पुढचा विषय.

बाहेर उद्धवराव माणसांच्या घोळक्यात घोषणा देत होते. आम्हाला बघून बाजूला आले. "मास्तर, माझा इलाज नव्हता," म्हणाले. खरंच नव्हता. कुणाचाच नव्हता. नियम करणाऱ्याला चाकण ठाऊक नव्हतं, टेबलावर ठेवणाऱ्याला नियम ठाऊक नव्हता, बोलणाऱ्याला बाहेर जावं लागलं, आणि ज्याला सगळं ठाऊक होतं त्याला काखेत धरून जिना उतरवला. दोन दिवसांनी अधिवेशन संपलं. मी त्या आठवड्यात अर्ज लिहिला, उशिराबद्दल माफी मागून, माझी चूक म्हणून, माझ्या सहीनं. सोपानरावांनी शिफारस जोडली. उत्तर आलं, मुदत संपली असल्याने विचार करता येत नाही. पुन्हा लिहिला. तेच उत्तर, तारीख वेगळी.

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो, म्हणजे शेवटी शिक्क्याच्या दिवसाचं सांगायला मोकळा होईन. पडवीत त्यानं कंदील, छत्र्या, कुलपं दुरुस्त केली, वर्ष-दीड वर्ष. मग पिंपरीकडं कारखाने उघडत होते, तिथं एका कंपनीत गोदामाच्या फाटकावर लागला. पन्नाशीला टेकलेला माणूस, शिफ्ट धरायला पहाटे चाकणहून निघायचा. गोदामात मोठा वजनकाटा होता. त्याला हात लावायची त्याला परवानगी नव्हती, त्यासाठी वेगळा माणूस होता. मला एकदा म्हणाला, "मास्तर, त्यो काटा पाव किलो मागं हाय. मी सांगितलं. म्हनले, तू फाटक बग." मग हसला. पुढं छातीचं दुखणं निघालं आणि एका रमजानच्या महिन्यात गेला. मातीला मी होतो.

आता तो दिवस. अधिवेशनाच्या त्याच वर्षीचा शिक्का थंडीत होता. चावडीत टेबल लागलं, सोपानराव बसले. दुकानदार नवी कोरी कारखान्याची मापं घेऊन रांगेत. शेजारी मीरासाहेबाची जागा रिकामी. सोपानरावांनी तिकडे दोन-तीनदा बघितलं, मी बघत होतो. मापात चूक निघाली तर आता पुण्याला पाठवायची होती.

रांग संपत आली तेव्हा मीरासाहेब आला. एकटा, फडक्यात लिटर घेऊन. रांगेत उभा राहिला, मध्ये घुसला नाही. पाळी आली तेव्हा त्यानं फडकं सोडून लिटर टेबलावर ठेवला.

सोपानराव म्हणाले, "मीरासाहेब, हा कशाला आणलास? घरात असता तर मी विचारला नसता. इथं ठेवलास तर मला नियमानं वागावं लागेल. बिनपरवान्याचं माप, नियमाआधी केलेलं असलं तरी, चीर पाडून बाद करायचं. तपासायचा सुद्धा प्रश्न येत नाही."

"ठावं हाय साहेब," तो म्हणाला. "पर घरात ठिवला तर त्ये चोरीचं माप झालं. माज्या घरात चोरीचं माप? तुमी आपलं टेबलावर घ्या."

सोपानराव उठले. पेटी उघडून प्रमाण माप काढलं, घागरीतलं पाणी त्यात काठोकाठ भरलं आणि सावकाश, हात स्थिर धरून, मीरासाहेबाच्या लिटरमध्ये ओतलं. काठाला काठ. ते पाणी ओतून दिलं, लिटर फडक्यानं कोरडा केला आणि पुन्हा एकदा ओतलं. पुन्हा काठाला काठ. वाकून, डोळा पाण्याच्या पातळीला लावून बघितलं. एवढं कुणाचं बघत नसत.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

मीरासाहेबानं टोपी सारखी केली. "झ्याक झालं साहेब. कुनी तरी तपासलं."

सोपानरावांनी शिपायाला खूण केली. शिपायानं लिटर पालथा घातला, छिन्नी लावली आणि हातोडा उचलला. घाव निसटला, पितळेवर नुसता ओरखडा उठला. पुन्हा मारला, तो कडेला गेला. कड जाड होती, आठ दिवस खपून केलेली.

"थांब, थांब," मीरासाहेब पुढं झाला. "तुजा हात बसायचा न्हाई त्याच्यावर. उगं चेपवून ठिवशील. आन हिकडं."

त्यानं लिटर मांडीत धरला, अंगठ्यानं कड चाचपली, छिन्नी लावली आणि एकच घाव घातला. कडेपासून बुडापर्यंत सरळ चीर. मग त्यानं तो उचलून पुन्हा टेबलावर ठेवला, चीर सोपानरावांच्या बाजूला करून, आणि म्हणाला, "बगा साहेब. बरूबर हाय का?"

सोपानरावांनी तेही तपासलं.